भीती वाटेनाशी झालीय? मग दचका, धास्ती आणि धसका वेगळे करून बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सत्तावीस वर्षांचे, नोकरीसाठी पुण्यात एकटे राहता. रात्री अकरानंतर हेडफोन लावून लॅपटॉपवर भयपट बघता. गाजलेली बहुतेक नावं बघून संपली आणि आता पडद्यावर काहीही आलं तरी ढिम्म. म्हणून विचारताय की फारसे कुणी न सांगितलेले, जरा वेगळ्या वाटेचे भयपट सुचवा, तुमचे स्वतःचे आवडते सांगा. मॉन्स्टरचे सिनेमे पोरकट वाटतात, तरी त्यातला एखादा खरंच चांगला असेल तर तोही. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे की आई सुट्टीत राहायला येणार आहे, तिला असले सिनेमे आवडतात, पण रक्त बघवत नाही.

त्या शेवटच्या ओळीमुळे मी लिहायला बसले. आईचं शेवटी सांगते.

मी गेली बावीस वर्षं आमच्या तालुक्याच्या गावात एक छोटी फिल्म सोसायटी चालवते. साठ खुर्च्या, एक पडदा, एक प्रोजेक्टर. दरवर्षी दिवाळीनंतरचे चार शनिवार आम्ही भयपटांना देतो. या खेळांना मी सिनेमा बघत नाही, तो आधी दोनतीनदा बघून झालेला असतो. मी मागच्या दाराशी उभी राहते आणि लोकांच्या माना बघते. कंटाळलेल्या माणसाची मान एका बाजूला कलते. घाबरलेल्याची मान खांद्यांत जाते आणि तिथेच राहते. इतक्या वर्षांत मला जे काही कळलं ते या मानांनी शिकवलं आहे.

तुम्ही यादी मागितलीत. पण नुसत्या यादीने तुमचं काम होणार नाही. तुम्ही जी आठ-दहा नावं लिहिलीत ते सगळे सिनेमे एकाच जातीचे आहेत. बराच वेळ शांतता, कॅमेरा सावकाश अंधाऱ्या कोपऱ्याकडे सरकतो आणि एकदम कानठळ्या बसवणारा आवाज. यानं माणूस दचकतो, आणि दारामागून कुणी ‘भॉक’ केलं तरी तो तितकाच दचकतो. असे शंभर प्रसंग पाहिले की शरीर शहाणं होतं. शांतता पसरली की तुम्ही मनात आकडे मोजायला लागता, आणि आवाज आला की ‘आला’ म्हणून मोकळे होता. तुमची भीती मेलेली नाही. तुम्हाला फक्त दचक्याची सवय झाली आहे.

आपल्या भाषेत या गोष्टींना वेगवेगळे शब्द आहेत आणि मी सिनेमे निवडताना तेच वापरते. दचका क्षणाचा असतो. धास्ती म्हणजे काहीतरी होणार हे कळलंय आणि ते होत नाहीये, तो मधला सगळा वेळ. धसका मात्र बसतो, आणि एकदा बसला की लवकर उठत नाही. सिनेमा संपला, जेवणं झाली, भांडी घासून झाली, तरी न्हाणीघराचा दिवा लावायला हात पुढे करताना तो आठवतो. तुम्ही वर्षानुवर्षं दचकेच खाल्लेत. धास्तीचे आणि धसक्याचे सिनेमे तुमच्या यादीत एकही नाहीत.

एक गोष्ट आधीच कबूल करते. कुणाला कशाची भीती वाटेल हे माणसावर आणि त्याच्या दिवसांवर अवलंबून असतं. नुकतंच घरातलं कुणी गेलेलं असेल तर भुताचा सिनेमा फार वेगळा लागतो. लहान मूल घरात असेल तर मुलांवर बेतलेले सिनेमे असह्य होतात. एकट्यानं बघणं आणि शेजारी कुणीतरी असणं यात तर जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे पुढे जे सांगते ते माझ्या हॉलमध्ये चाललेलं आहे. तुमच्याकडे त्यातलं निम्मं चाललं तरी मला आनंद होईल.

सुरुवात दचक्यापासूनच करा, पण ज्यांनी तो नीट कमावला त्यांच्याकडून. ‘कॅट पीपल’, 1942. आर.के.ओ. स्टुडिओनं निर्माता व्हॅल ल्यूटनला आधी नुसतं नाव दिलं आणि त्या नावाचा सिनेमा थोडक्या पैशात करायला सांगितलं. दिग्दर्शक झाक तुर्नरनं मग बिबट्या जवळजवळ दाखवलाच नाही, सावल्यांवर निभावून नेलं. एक बाई रात्री बागेच्या भिंतीकडेनं चालली आहे. मागे दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज, टक टक टक. मग तो आवाज थांबतो. पुढची बाई वळून बघते तर रस्ता रिकामा. ती पावलं उचलते, झाडाची पानं सळसळतात, आणि फिस्स करून काहीतरी तिच्या अंगावर येतं. ती बस असते. या युक्तीला सिनेमावाले आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. तुम्ही पाहिलेल्या सगळ्या दचक्यांची ही आजी. फरक एवढाच की इथे दचक्याआधी दोन मिनिटं नुसते टाचांचे आवाज आहेत, आणि त्या दोन मिनिटांत माझ्या हॉलमधल्या साठही माना खांद्यांत गेलेल्या असतात.

याच सिनेमात पोहण्याच्या तलावाचा प्रसंग आहे. तळघरातला तलाव, पाण्यावरचा उजेड छतावर हलतोय, बाई पाण्याच्या मधोमध, आणि काठावर कुठेतरी गुरगुर. तिथे दचका नाहीच. मी हा प्रसंग येण्याआधी हॉलमधले पंखे बंद करायला लावते, कारण पंख्याची घरघर त्या गुरगुरीला खाऊन टाकते. सिनेमा 73 मिनिटांचा आहे. तुमच्यासाठी पहिला हाच.

धास्तीचा माझा सगळ्यात आवडता सिनेमा म्हणजे ‘द इनोसंट्स’, 1961, दिग्दर्शक जॅक क्लेटन. हेन्री जेम्सच्या कथेवरचा. एका मोठ्या एकाकी वाड्यात दोन पोरकी मुलं सांभाळायला बाई येते आणि तिला तिथे मेलेली माणसं दिसू लागतात, की तिला ती दिसतात असं वाटतं? सिनेमा शेवटपर्यंत एका बाजूला झुकत नाही. सुरुवातीलाच पडदा काळा राहतो आणि कुणीतरी एकटं गाणं म्हणत असतं. पहिल्यांदा दाखवला तेव्हा मागून दोघांनी प्रोजेक्टर बिघडला म्हणून हाक मारली, आणि मग तेही गप्प झाले. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसनं रुंद पडद्याच्या दोन्ही कडा काळोखात जाव्यात म्हणून भिंगापुढे कडांना रंग लावलेल्या काचा वापरल्या. त्यामुळे बघणाऱ्याची नजर सारखी कडेला जाते, कारण तिथे कुणीतरी असेल असं वाटत राहतं. आणि इतका अंधार जमवून झाल्यावर क्लेटन आपल्याला भूत दाखवतो ते भर दिवसा. तळ्याच्या पलीकडे, लव्हाळ्यात, काळ्या कपड्यातली एक बाई नुसती उभी आहे. ती काही करत नाही, जवळही येत नाही. तुम्ही लॅपटॉपवर बघाल तर ही रुंद चौकट पट्टीएवढी होईल आणि ती बाई मुंगीएवढी. हा एक सिनेमा तरी मोठ्या टीव्हीवर बघा, मित्राकडे जाऊन बघावा लागला तरी.

त्यानंतर ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’, 1962. हा खरोखर आडवाटेचा. हर्क हार्वी नावाचा माणूस अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात कारखान्यांसाठी आणि शाळांसाठी माहितीपट बनवायचा. गाडीनं घरी परतताना त्याला सॉल्ट लेकच्या काठी एक ओसाड पडलेला जुना करमणुकीचा महाल दिसला, आणि तो बघून त्याने हा एकच कथापट केला. त्यातल्या पांढऱ्याफटक चेहऱ्याच्या माणसाचं कामही त्यानंच केलं. नायिका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. एका अपघातातून ती वाचते आणि नव्या गावात नोकरीला जाते. एके दिवशी दुकानात कपडे बघत असताना एकाएकी सगळा आवाज जातो. ती बोलते, कुणाला ऐकू येत नाही. लोकांच्या अंगावरून जाते, कुणी बघत नाही. पडद्यावर फक्त तिच्या बुटांचा आवाज. नट कच्चे आहेत, काही संवाद लाकडी आहेत, आणि तरीही या दोन-तीन मिनिटांत हॉलमध्ये खोकलासुद्धा ऐकू येत नाही. तुमच्यासारखा हेडफोनवर बघणारा माणूस तर चरकेलच. हा सिनेमा स्वामित्वहक्काबाहेर आहे, त्यामुळे नेटवर उजळ माथ्यानं फुकट बघता येतो. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (1968) सुद्धा. त्याचं नाव ऐन वेळी बदललं आणि नव्या पाटीवर हक्काची सूचना टाकायची राहून गेली, म्हणून तो सगळ्यांचा झाला.

जपानी सिनेमांबद्दल लिहायला बसले तर हे उत्तर संपणार नाही, म्हणून तीनच. कियोशी कुरोसावाचा ‘पल्स’ (2001): रिकाम्या खोलीत भिंतीपाशी एक बाई उभी आहे आणि ती तुमच्याकडे चालत येते. चालताना मध्येच तिचा तोल जातो आणि ती सावरते. एवढंच. पण ते अडखळणं इतकं चुकीच्या जागी आहे की पोटात गोळा येतो. कानेतो शिंदोचा ‘ओनिबाबा’ (1964): युद्धाच्या धामधुमीत सासू आणि सून माणसापेक्षा उंच गवतात राहतात, वाट चुकलेल्या योद्ध्यांना मारतात आणि त्यांची चिलखतं विकून पोट भरतात. मग एक मुखवटा येतो. ते गवत सिनेमाभर सळसळत असतं आणि भीतीचं निम्मं काम तेच करतं. (यात नग्नता आहे, आईबरोबर लावू नका.) आणि मासाकी कोबायाशीचा ‘क्वाइदान’ (1964), चार कथांचा, तीन तासांचा. त्यातली तिसरी गोष्ट आधी बघा. एक आंधळा वादक आपल्याकडे पोवाडा म्हणतात तसा बिवा या तंतुवाद्यावर एका जुन्या समुद्री लढाईचं काव्य गातो, आणि ते ऐकायला त्या लढाईत मेलेलीच माणसं त्याला रोज रात्री बोलावून नेतात. त्याला वाचवायला भिक्षू त्याच्या अंगभर मंत्र लिहितात. एक जागा लिहायची राहते. संगीत तोरू ताकेमित्सूचं, आणि ते बहुतेक वेळ संगीत वाटतच नाही. लाकूड पिचल्यासारखं, बर्फ तडकल्यासारखं काहीतरी वाजत राहतं.

आता धसक्याकडे येते. इथे भूत थोडं आणि माणसाची खरी अडचण जास्त असते. ‘अंडर द शॅडो’ (2016), दिग्दर्शक बाबक अन्वारी, भाषा फारसी. 1980 च्या दशकातलं तेहरान, इराण-इराक युद्ध चालू, नवरा आघाडीवर, बाई आणि तिची छोटी मुलगी इमारतीत जवळजवळ एकट्या. वरच्या मजल्यावर न फुटलेलं क्षेपणास्त्र येऊन अडकतं आणि मुलगी म्हणते, घरात जिन आलाय. घाबरलेली बाई मुलीला काखेत मारून रस्त्यावर पळते तर डोक्यावर कापड नाही म्हणून तिलाच पकडून नेतात. तिला बाहेरचं जास्त वाईट की घरातलं, हे ठरवता येत नाही. आमच्याकडे हा दाखवला त्या रात्री बायका निघायलाच तयार नव्हत्या, दारात उभ्या राहून तासभर बोलत होत्या.

‘लेक मुंगो’ (2008) हा ऑस्ट्रेलियाचा, माहितीपटाच्या धाटणीचा. बुडून गेलेल्या मुलीबद्दल घरचे लोक कॅमेऱ्यासमोर बसून शांतपणे बोलतात. त्यात एका मोबाइलच्या खराब चित्रीकरणात जे दिसतं, ते मी इथे सांगणार नाही. तो एकट्यानं बघू नका. घरात हल्लीच दुःख झालं असेल तर अजिबात बघू नका.

आपल्या मातीतलं बाजूला ठेवून चालणारच नाही. पण सुरुवात एका अमेरिकन सिनेमापासून करते. 1999 चा ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’ तुम्ही पाहिलाय आणि ‘काहीच घडत नाही’ असं लिहिलंय. त्यातला एक दिवस आठवा. तिघं जण जंगलात सकाळपासून एकाच दिशेनं, दक्षिणेला, चालत राहतात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच ओंडक्यापाशी येऊन पोचतात. कोकणातल्या कुणालाही विचारा, याला चकवा म्हणतात. माझी आजी सांगायची की चकवा लागला तर होतास तिथे बसून राहायचं, उजाडेपर्यंत पाऊल उचलायचं नाही. मी तो सिनेमा दाखवायच्या आधी नुसती ही आजीची गोष्ट सांगते, आणि मग त्या ओंडक्यापाशी पोचल्यावर हॉलमधून जो ‘आई गं’ निघतो तो काही निराळाच असतो. तुम्हाला काहीच घडलं नाही असं वाटलं, कारण तुम्ही भूत कधी येणार याची वाट बघत होता. भूत केव्हाच आलं होतं, ते वाटेत होतं.

‘तुंबाड’ (2018) तुम्ही पाहिलाच असणार. 2024 मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षाही जास्त चालला. तरी एकदा पुन्हा बघा, आणि या वेळी खजिना सोडून पाऊस आणि पीठ बघा. राही अनिल बर्वेच्या या सिनेमात पाऊस जवळजवळ थांबतच नाही. माणसं कोरडी अशी क्वचितच दिसतात. त्यातल्या हस्तर या देवाला सोनं मिळालं पण अन्न मिळणार नाही असा शाप आहे, म्हणून त्याला भुलवायला कणकेची बाहुली न्यायची. आपल्या घरातली रोजची परात, रोजची कणीक, आणि तीच हातात घेऊन खाली उतरायचं. आमच्याकडे खेळ झाल्यावर एक शिक्षक म्हणाले, दोन दिवस पोळ्या लाटणाऱ्या बायकोकडे बघवत नव्हतं. याला म्हणतात धसका. ही गोष्ट मराठी भयकथाकार नारायण धारपांच्या कथेच्या प्रेरणेतून आली हे माझ्या पिढीच्या वाचकाला सांगावं लागत नाही. तुम्ही धारप वाचले नसतील तर सिनेमे दोन महिने बाजूला ठेवून आधी तेच वाचा.

मराठीत ‘लपाछपी’ (2017) आहे, विशाल फुरियांचा. गरोदर बाई, आडगावातलं घर, चारी बाजूंनी उभा ऊस. सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला उसाची भीती समजावून सांगावी लागत नाही. आत शिरलं की दोन हातांवरचं दिसत नाही, पाती कापतात, आणि वाऱ्याचा आवाज माणसाच्या चालण्यासारखा येतो. ‘ओनिबाबा’ आणि ‘लपाछपी’ मी एकदा लागोपाठच्या शनिवारी लावले होते. गवत आणि ऊस. लोकांनी न सांगता ते जोडून घेतलं. मात्र कुणी गरोदर असेल तर हा सिनेमा तिच्यासाठी नाही.

मॉन्स्टरचे सिनेमे पोरकट, हे तुमचं म्हणणं मला मनापासून खटकलं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर.

भुताची भीती वाटते. चांगल्या मॉन्स्टरची भीती वाटता वाटता त्याच्यासाठी जीव तुटायला लागतो. ही हळहळ आली नाही तर तो नुसता मोठा प्राणी. 1931 च्या ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये बोरिस कार्लॉफचा राक्षस तळ्याकाठी एका लहान मुलीबरोबर फुलं पाण्यात टाकून खेळतो. फुलं तरंगतात. ती संपली की त्याला वाटतं मुलगीही तरंगेल, आणि तो तिला पाण्यात टाकतो. त्या काळी अनेक ठिकाणी हा तुकडा कापला गेला. राक्षस मुलीकडे हात पुढे करतो इथेच चित्र तुटायचं आणि मग थेट बाप मुलीचं प्रेत घेऊन येताना दिसायचा. लोकांनी मधल्या जागेत मूळ प्रसंगापेक्षा कितीतरी घाण गोष्टी कल्पनेनं भरल्या. मी नवीन मुलांना दोन्ही तऱ्हा दाखवते.

आणि मग त्याला जोडून ‘द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह’, 1973, स्पेनचा, दिग्दर्शक व्हिक्टर एरिसे. माझ्या सगळ्या आवडत्या सिनेमांमध्ये मी हा सर्वांत वर ठेवते, आणि याला कुणी भयपट म्हणत नाही. 1940 साल, यादवी युद्ध नुकतंच संपलेलं, एका खेड्यात फिरता सिनेमा येतो आणि ‘फ्रँकेनस्टाइन’ दाखवतो. माणसं आपापल्या खुर्च्या घेऊन येतात. सहा-सात वर्षांची आना पडद्याकडे बघते आहे. आना तोरेंत या मुलीला खरोखर तो सिनेमा दाखवला होता आणि कॅमेरा हातात धरून तिचा चेहरा टिपला होता. राक्षस तळ्याकाठी येतो तेव्हा तिचे ओठ किंचित उघडतात आणि ती पुढे झुकते, ते कुणी शिकवलेलं नाही. मग ती बहिणीला हळूच विचारते, त्यानं तिला का मारलं? आणि लोकांनी त्याला का मारलं? बहीण थाप मारते की तो मेला नाही, गावाबाहेर राहतो, आणि आना त्याला शोधायला निघते. आमच्याकडे एकदा शाळेतल्या मुलांना दोन्ही सिनेमे लागोपाठ दाखवले होते. मधल्या सुट्टीत पाचवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि तिनं तेच विचारलं, ‘बाई, पण त्याला का मारलं?’ दुसरा सिनेमा तिनं अजून पाहिला नव्हता. मला उत्तर देता आलं नाही. मी तिला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

‘गोजिरा’, म्हणजे आपण ज्याला गॉडझिला म्हणतो, त्याचा 1954 चा मूळ जपानी सिनेमा बघा. पुढे आलेले मारामारीचे सिनेमे डोक्यातून काढून टाका. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि जपानच्या एका मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. नोव्हेंबरमध्ये सिनेमा आला आणि त्याची सुरुवात एका बोटीनंच होते: झगझगीत उजेड, आणि बोट जाते. दिग्दर्शक इशिरो होंडा. राक्षस म्हणजे जवळजवळ शंभर किलोच्या पोशाखातला माणूस, हे दिसतंच, लपत नाही. त्याची डरकाळी संगीतकार आकिरा इफुकुबेच्या कल्पनेतून आली: डबल बासची तार सैल करून तिच्यावरून राळ लावलेला चामडी हातमोजा ओढायचा. ती डरकाळी ऐका, त्यात रागापेक्षा विव्हळणं जास्त आहे. शहर जळत असताना एक बाई मुलांना कुशीत घेऊन बसली आहे आणि म्हणते, आता लवकरच आपण बाबांकडे जाऊ. पुढे इस्पितळात एका मुलाजवळ किरणोत्सार मोजायचं यंत्र धरतात आणि ते कडकडायला लागतं. युद्ध डोळ्यांनी पाहिलेल्या प्रेक्षकांसाठी हा सिनेमा होता. त्याला पोरकट म्हणू नका.

बाँग जून-होचा ‘द होस्ट’ (2006) याच घरातला. सोलमधल्या अमेरिकन लष्करी तळावरून 2000 साली फॉर्मल्डिहाइड गटारात ओतलं गेलं होतं, तिथून त्याचं बीज आलं. बहुतेक दिग्दर्शक राक्षस तासभर लपवतात. हा भर दुपारी, नदीकाठी सहलीला आलेल्या गर्दीत, सुरुवातीलाच सगळा दाखवून मोकळा होतो. आणि तरी सिनेमा ढिला पडत नाही, कारण पुढची गोष्ट राक्षसाची नसून हरवलेली मुलगी शोधणाऱ्या एका साध्या, भांडकुदळ कुटुंबाची आहे.

जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’ (1982) मला अतिशय आवडतो, तरी तुम्हाला जपून देते. अंटार्क्टिकावरच्या ठाण्यात बारा माणसं, आणि त्यांच्यातला कोण माणूस राहिलेला नाही हे कुणालाच माहीत नाही. तापवलेल्या तारेनं रक्त तपासायचा प्रसंग म्हणजे धास्तीचा वस्तुपाठ. पण रॉब बॉटिननं केलेले राक्षस फार किळसवाणे आहेत, आणि मी एकदा पूर्वसूचना न देता तो सगळ्यांना दाखवला. ज्येष्ठ मंडळीतले दोघं अर्ध्यात उठून गेले, एकांना बाहेर जाऊन बसावं लागलं. चूक माझी होती. तेव्हापासून प्रत्येक खेळाआधी रक्त किती, किळस किती, मुलांना इजा आहे का, हे मी उभी राहून सांगते. सांगितल्यानं भीती कमी होत नाही, उलट माणूस विश्वासानं बसतो आणि जास्त घाबरतो.

आता बघायचं कसं, कारण निम्मा घोटाळा तिथे आहे. मोबाइल दुसऱ्या खोलीत. धास्ती साचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एका मेसेजनं ती ओतून जाते. आवाज नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा. कान टवकारून ऐकावं लागलं की माणूस आपणहून पुढे झुकतो, आनासारखा. मध्ये थांबवू नका, जेवण आधी उरका. ट्रेलर बघू नका. आणि सलग तीन सिनेमे एका रात्री संपवायची तुमची सवय सोडा. आठवड्याला एक, आणि दुसऱ्या दिवशी तो आठवतो का, कुठला तुकडा आठवतो, हे बघा. धसका बसला की नाही हे सोमवारी कळतं, शनिवारी नाही. कुठला सिनेमा कुठे मिळेल ते महिन्यागणिक बदलतं, म्हणून ते लिहीत नाही. नाव टाकून शोधा.

क्रम विचाराल तर: आधी ‘कॅट पीपल’, मग ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’, मग मोठ्या टीव्हीवर ‘द इनोसंट्स’. त्यानंतर ‘गोजिरा’. ‘फ्रँकेनस्टाइन’ आणि ‘बीहाइव्ह’ एकाच रविवारी, मध्ये चहा घेऊन. ‘लेक मुंगो’ सगळ्यात शेवटी.

आणि आई. त्यांच्यासाठी दोन. सत्यजित रायांच्या ‘तीन कन्या’ (1961) मधली ‘मणिहारा’ ही गोष्ट, रवींद्रनाथांच्या कथेवरची. साधारण तासाभराची. दागिन्यांवर जीव असलेली बायको, तिच्यावर जीव असलेला नवरा, नदीकाठचा मोठा वाडा. रक्ताचा थेंब नाही. शेवटी दागिन्यावर एक हात येतो, तेव्हा त्या तुमचा दंड पकडतील.

दुसरा कमाल अमरोहींचा ‘महल’ (1949), अशोककुमार आणि मधुबाला. कथा त्यांना माहीत असेल, तरी लावा. ‘आयेगा आनेवाला’ सुरू होतं तिथे दिवे घालवा. त्या गाण्याचे सुरुवातीचे बोल लताबाईंनी मायक्रोफोनपासून लांब उभं राहून म्हणायला घेतले आणि गात गात त्या पावलापावलानं जवळ आल्या, म्हणून आवाज आधी वाड्यात कुठेतरी आणि मग तुमच्या खोलीत येतो. तेव्हा त्यांचं वय वीससुद्धा नव्हतं. गाणं संपेपर्यंत बोलू नका. नंतर आईंना विचारा, त्यांनी ते पहिल्यांदा कुठे ऐकलं होतं, आणि त्या सांगायला लागल्या की सिनेमा थांबवलात तरी चालेल.